फुगवायच्या मॅटचं पंक्चर कसं काढायचं: गोंद उघडण्याआधीची कामं आणि नंतरचा धीर

कॅम्पिंग मॅटला लावलेलं ठिगळ उखडलं की सगळा राग गोंदावर निघतो. पण बहुतेक वेळा घोळ त्याच्या आधीच झालेला असतो. मॅटच्या कापडाला न चालणारा गोंद आणलेला असतो, जागा नुसती फडक्याने झटकलेली असते, एक भोक सापडल्याच्या आनंदात दुसरं शोधलेलंच नसतं, नाहीतर गोंद वाळायच्या आत मॅट फुगवून पाहिलेली असते. या लेखात गोंद लावायचा टप्पा सहावा आहे, तो याचसाठी. घाई कितीही असली तरी आधीचे पाच गाळू नका.

टप्पा १: पंक्चर खरंच आहे का?

रात्री टणक असलेली मॅट पहाटे मऊ लागली, म्हणजे ती गळतेच असं नाही. तोंडाने भरलेली हवा साधारण ३५ अंश सेल्सिअसची असते. तंबूतलं तापमान ५ अंशांवर उतरलं की तीच हवा आकसते आणि तिचं आकारमान जवळपास १० टक्क्यांनी घटतं. शिवाय श्वासातली वाफ आत गार होऊन तिचं पाणी होतं, त्यामुळे आणखी थोडी घट येते. गळती नसतानाही मॅट ढिली पडायला एवढं पुरतं. थंडीत मॅट फुगवून ठेवायची, हवा गार झाली की झोपायच्या आधी दोन-चार फुंका आणखी भरायच्या, एवढाच त्यावरचा उपाय. नवी पीव्हीसीची गादी पहिल्या काही वापरांत ताणते, तेव्हाही हीच शंका येते.

खात्री करायची तर घरात, तापमान फारसं बदलत नाही अशा खोलीत करा. मॅट टणक फुगवा, अर्धा तास थांबा, कमी पडलेली हवा भरा. मग वर पुस्तकांचे गठ्ठे किंवा भरलेली सॅक ठेवून रात्रभर सोडा. सकाळी फारसा फरक नसेल तर हा लेख इथेच बंद करा.

फरक असेल तर आधी व्हॉल्व्हकडे बघा. आतल्या पातळ पडद्यावर केस, वाळूचा कण किंवा स्लीपिंग बॅगचा धागा अडकला की हवा हळूहळू जाते. ही गळती पंक्चरसारखीच भासते. व्हॉल्व्ह उघडून साध्या पाण्याने धुवा, रबराची रिंग जागेवर आहे ना, चिरलेली नाही ना, ते बघा. मग बंद करून वर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे झाकणाच्या आट्यांमधून येत असतील तर गोंदाचा काही उपयोग नाही. व्हॉल्व्हचा सुटा भाग बदलावा लागतो. बुडबुडे व्हॉल्व्हच्या बुडाशी, कापड आणि प्लॅस्टिकच्या सांध्यातून येत असतील तर मात्र पुढे वाचा.

टप्पा २: मॅट कशाची आहे?

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. गोंद मॅटच्या कापडाप्रमाणे निवडायचा असतो. सगळ्याला चालणारा गोंद नसतोच.

टीपीयूचा (लवचीक पॉलियुरेथेन प्लॅस्टिकचा) थर असलेलं नायलॉन किंवा पॉलिस्टर: हलक्या कॅम्पिंग मॅट आणि आपोआप फुगणाऱ्या फोमच्या मॅट बहुतेक याच्याच. बाहेरून हाताला कापड लागतं, हवा अडवणारा थर आतल्या बाजूला असतो. याला लवचीक युरेथेन गोंद लागतो.

पीव्हीसी: जड गाद्या, मखमली पृष्ठभागाचे हवाई पलंग, पाण्यात खेळायच्या होड्या. प्लॅस्टिकच्या रेनकोटचा वास येतो आणि थंडीत ताठरतं. याला पीव्हीसीचाच गोंद आणि पीव्हीसीचंच ठिगळ.

सिलिकॉनचा थर असलेलं नायलॉन: मॅटमध्ये क्वचित, हलक्या तंबूंमध्ये बरंच. हात फिरवला की निसटता, गुळगुळीत लागतो. साधी चिकटपट्टी लावून बघा. ती सहज सुटून आली तर सिलिकॉनची शंका घ्या. सिलिकॉनवर फक्त सिलिकॉन चिकटतं. सीम ग्रिप या गोंदाच्या डब्ल्यूपी आणि सिल अशा दोन वेगळ्या ट्यूब मिळतात त्या याचसाठी. पहिली युरेथेनची, दुसरी सिलिकॉनची. दुकानात घाईत हात चुकीच्या ट्यूबवर पडतो, तेव्हा लेबल वाचून घ्या.

> सावधान: सायकलच्या ट्यूबचं सोल्यूशन रबरासाठी असतं. ते रबराशी रासायनिक जोड करतं. टीपीयू किंवा पीव्हीसीवर ते नुसतं सुकून बसतं आणि सोलून निघतं. इन्स्टंट ग्लूही नको. तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि मॅट घडी करताच तडकतो. तडकलेल्या थराची धार कापडाला नवं भोक पाडते, ते वेगळंच.

मॅटच्या पिशवीत कंपनीचं दुरुस्तीचं पाकीट आहे का, तेही बघा. पिशवीच्या तळाशी ते वर्षानुवर्षं पडून असतं आणि लोक बाहेर गोंद शोधत फिरतात. मॅट वॉरंटीत असेल तर हात लावण्याआधी अटी वाचा, कारण स्वतः गोंद फासलेली मॅट काही कंपन्या परत घेत नाहीत.

टप्पा ३: सामान आधी मांडून ठेवा

गोंदाची ट्यूब, ठिगळ, ७० टक्के किंवा त्याहून जास्त तीव्रतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणाऱ्या दोन-तीन चिंध्या, कात्री, भांड्यांच्या साबणाचं पाणी आणि स्पंज, चिकटपट्टी, पॉलिथिनचा तुकडा, सपाट फळी किंवा टाइल, वजनाला जाड पुस्तक. पीव्हीसीसाठी बारीक पॉलिश पेपरही. पॉलिथिन विसरू नका: गोंद त्याला धरत नाही, म्हणून वजन आणि ठिगळ यांच्यामध्ये ते ठेवायचं असतं. कागद ठेवलात तर तो ठिगळाचाच भाग होऊन बसतो.

टप्पा ४: भोक शोधणं, सगळी भोकं शोधणं

मॅट नेहमीपेक्षा थोडी जास्त टणक फुगवा. हवा जितकी दाबलेली तितकं बारीक भोक लवकर सापडतं. पण पंपाने ताणून ताणून नव्हे, आणि उन्हात तर अजिबात नाही. ताण वाढून आतले सांधे सुटले तर मग दुरुस्तीच संपली.

शोधायचा क्रम असा ठेवा:

१. शांत खोलीत मॅट दुमडून दाबा आणि कान जवळ न्या. मोठं भोक इथेच फुसफुसतं.

२. ओठ ओले करून किंवा ओला गाल पृष्ठभागाजवळून फिरवा. हवेची बारीक रेघ गार लागते. बोटांपेक्षा ओठांना हे जास्त कळतं.

३. तरीही सापडलं नाही तर एक लिटर पाण्यात चमचाभर साबण घालून स्पंजने एका टोकापासून पट्ट्यापट्ट्याने लावत चला. आधी वरची बाजू, मग कडेचा जोड, मग खालची बाजू.

४. शेवटचा उपाय टब. मॅटचा एकेक भाग पाण्याखाली दाबून धरा. व्हॉल्व्ह घट्ट बंद हवा, नाहीतर पाणी आत शिरतं आणि फोमच्या मॅटमधून ते निघता निघत नाही.

पाण्यात कापड बुडवलं की विणीत अडकलेली हवा सगळीकडून बुडबुड्यांच्या रूपाने वर येते आणि माणूस गोंधळतो. तळहाताने ती जागा पुसून घ्या. विणीतले बुडबुडे निघून जातात आणि परत येत नाहीत. भोकावरचा बुडबुडा पुसला तरी त्याच ठिकाणी पुन्हा धरतो, मोठा होतो, सुटतो आणि त्याच्या मागून दुसरा येतो. अगदी बारीक भोकाला एक बुडबुडा धरायला अर्धा मिनिटही लागतो, तेव्हा नजर एका जागी ठेवून थांबा. साबणाच्या पाण्यात हेच दाण्याएवढ्या पांढऱ्या फेसाच्या ठिपक्यासारखं दिसतं.

खूण करताना एक गंमत होते. लोक मार्करने भोकाभोवती छान गोल काढतात, मग अल्कोहोलने जागा पुसतात आणि गोलही पुसला जातो. परमनंट मार्करची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून भोकापासून चांगले ५-६ सेंटिमीटर दूर चिकटपट्टीचे दोन तुकडे लावा, टोकं भोकाकडे रोखून. रेषा जिथे मिळतात तिथे भोक.

> तपासा: पहिलं भोक सापडल्यावर थांबू नका. काटा बऱ्याचदा आरपार जातो, म्हणून त्याच जागेची मागची बाजू बघा आणि मग उरलेली मॅट पूर्ण करा. मॅटला भोक पाडणारी वस्तू तंबूच्या तळात अजून रुतलेली असू शकते. तीही शोधून काढा, नाहीतर उद्या पुन्हा हेच.

टप्पा ५: धुणं, वाळवणं, पुसणं

साबण भोक दाखवतो, पण गोंद धरू देत नाही. म्हणून ती जागा आधी साध्या पाण्याने धुऊन साबण घालवा. मग मॅट पूर्ण वाळू द्या. भोकातून पाणी आत गेलं असेल तर व्हॉल्व्ह उघडा ठेवून सावलीत उभी करा. फोमच्या मॅटला यात एक-दोन दिवसही जातात. आतला ओलावा नेमका भोकापाशी येऊन गोंदाखाली बसतो.

वाळल्यावर अल्कोहोल. ठिगळाच्या आकारापेक्षा सगळीकडून दोन बोटं जास्त जागा पुसा, चिंधी बदला आणि पुन्हा पुसा. पहिल्या चिंधीवर येणारा करडा डाग पाहिलात की दुसरी चिंधी का, ते कळतं. त्यात घाम असतो, अंगाचं तेल असतं, सनस्क्रीन असतं. डीट असलेलं डासांचं मलम लागलं असेल तर आणखी काळजीने पुसा. ते प्लॅस्टिक मऊ करतं. नंतर अल्कोहोल उडून जाईपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबा आणि त्या जागेला बोट लावू नका.

पीव्हीसीवर मखमल असेल तर ती आधी खरवडून काढावी लागते. मखमलीवर लावलेलं ठिगळ मखमलीलाच चिकटतं, गादीला नाही. पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून गुळगुळीत पीव्हीसी उघडी करा, मग पुसा. नायलॉनवर मात्र पॉलिश पेपर चालवू नका, धागे तुटतात.

> सावधान: नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन वापरू नका. पीव्हीसी त्याने मऊ पडून चिकट होतं आणि कापडावरचा थरही खराब होतो.

टप्पा ६: गोंद आणि ठिगळ

मॅटमधली हवा पूर्ण काढा, फळीवर सपाट पसरा आणि व्हॉल्व्ह उघडाच राहू द्या. हे फार महत्त्वाचं आहे. व्हॉल्व्ह बंद असेल तर खोली थोडी तापली तरी आत उरलेली हवा फुगते, भोकातून वाट काढते आणि ओल्या गोंदात फुगा धरते. वरून दुरुस्ती छान दिसते, आत मात्र पोकळ बोगदा असतो.

*टाचणीएवढं ते ३ मिलिमीटरपर्यंतचं भोक, टीपीयूची मॅट.* इथे ठिगळाची गरज नाही. भोकावर गोंदाचा भाताच्या शिताएवढा थेंब ठेवा, काडीने दाबत भोकात मुरवा आणि साधारण दीड सेंटिमीटर व्यासाचा, मिलिमीटरभर जाडीचा गोल पसरवा. जाड ढीग नको; तो आतून ओला राहतो आणि घडी घालताना कडेने उचलला जातो. गोंद पातळ असतो, ओघळतो, म्हणून मॅट आडवी आणि समतल हवी.

*त्याहून मोठं भोक किंवा चीर.* चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडवा. एकीवर एक चढवू नका. ठिगळ असं कापा की चिरेच्या सगळ्या बाजूंनी किमान दीड सेंटिमीटर बाहेर येईल, आणि कोपरे गोल करा. चौकोनी ठिगळ नेहमी कोपऱ्यातून उचकटायला लागतं. मॅटवर गोंदाचा पातळ थर द्या, ठिगळ टेका, मधून बाहेरच्या बाजूला बोटाने किंवा चमच्याच्या पाठीने हवा काढत जा. शेवटी ठिगळाच्या कडेवरून गोंदाची बारीक रेघ फिरवा, अर्धी ठिगळावर आणि अर्धी मॅटवर. वर पॉलिथिन, त्यावर पुस्तक. आणि चीर कितीही मोठी असली तरी शिवायची नाही. सुईचं प्रत्येक टोचणं हे नवं पंक्चर असतं.

*पीव्हीसी.* इथे बहुतेक चुका होतात त्या घाईमुळे. युरेथेन ओला असतानाच ठिगळ ठेवायचं असतं. पीव्हीसीसाठी वापरतात त्या कॉन्टॅक्ट प्रकारच्या गोंदाचं उलटं आहे: गादीवर आणि ठिगळावर दोन्हीकडे पातळ थर द्यायचा, बोटाला न लागण्याइतका सुकू द्यायचा आणि मगच दाबायचं. ओला असताना दाबलात तर आतला द्रावक अडकून राहतो आणि ठिगळ कित्येक तास घसरत राहतं. सुकलेला थर मात्र लागला की लागला, सरकवता येत नाही, तेव्हा नीट नेम धरूनच टेकवा. थांबायची वेळ गोंदागणिक वेगळी असते आणि काही गोंद ओलेच दाबायचे असतात, म्हणून ट्यूबवरची सूचना शेवटपर्यंत वाचा. या गोंदांची वाफ पेट घेते आणि डोकं चढवते. खिडक्या उघडा, जवळ गॅस किंवा मेणबत्ती नको.

*खाचेतलं भोक.* मॅटच्या नळ्यांमधल्या खाचेवर आडवं ठिगळ लावलं तर मॅट फुगताच ते दोन्ही बाजूंनी ताणलं जाऊन मधून उचलतं. अशा जागी कडक पट्टी टाळा, लवचीक गोंदाचा थर खाचेच्या आकारातच बसवा. व्हॉल्व्हच्या बुडाशी गळत असेल तर सांध्यावर गोंदाचं पूर्ण कडं फिरवा. नुसत्या गळत्या जागेवर थेंब टाकला तर हवा शेजारून वाट काढते.

टप्पा ७: वाळू द्या

युरेथेन गोंद सुकतो असं आपण म्हणतो, पण तो हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो. म्हणून हेअर ड्रायरने फारसं साधत नाही. उष्णतेने बुडबुडे मात्र येतात. साधारण २० ते २५ अंशांच्या खोलीत याला ८ ते १२ तास लागतात. थंडीत आणि कोरड्या हवेत त्याहून बरेच जास्त. मी स्वतः २४ तासांच्या आत मॅट फुगवत नाही, आणि पाकिटावर "झटपट" लिहिलेलं असलं तरी तुम्हीही फुगवू नये असं माझं मत आहे. संध्याकाळी दुरुस्ती आणि सकाळी प्रवास असा बेत असेल तर दुरुस्ती करूच नका, पुढच्या भागातली पट्टी लावून निघा.

> तपासा: नख गोंदावर दाबा. खळी पडून राहिली किंवा चिकट लागलं, तर अजून एक दिवस.

टप्पा ८: फुगवून खात्री

आधी अर्धीच फुगवा, तासभर सोडा. मग पूर्ण फुगवून ठिगळाच्या कडेने साबणाचं पाणी लावा. कडेच्या एकाच बिंदूवर फेस धरत असेल तर मॅट पुन्हा पूर्ण रिकामी करा, धुवा, वाळवा, पुसा आणि तिथे गोंद द्या. हवा असतानाच वरून थेंब लावायचा मोह होतो. आतला दाब तो थेंब फोडून बाहेर येणारच. बुडबुडे नसतील तर टप्पा १ मधली वजनाची परीक्षा रात्रभर घ्या. ही परीक्षा पास झालेलीच मॅट सॅकमध्ये जाते.

मुक्कामावर रात्री फुटली तर

तिथे गोंद वाळायला वेळ नसतो, म्हणून दुरुस्तीची पट्टी. टेनॅशस टेपसारखी कापडावर धरणारी पट्टी आणि प्रथमोपचार पेटीतले अल्कोहोलचे पुसणे, एवढ्यावर रात्र निघते. हवा काढा, जागा कोरडी करा, दोनदा पुसा, कोपरे गोल केलेली पट्टी लावा आणि तळहाताने मिनिटभर दाबून ऊब द्या. थंडीत पट्टी आधी बगलेत गरम करून घेतली तर बरीच चांगली धरते. दवाने ओल्या झालेल्या मॅटवर कुठलीच पट्टी टिकत नाही. आधी कोरडं कापड, मग बाकी सगळं. घरी आल्यावर ही पट्टी काढा, तिचा चिकटा अल्कोहोलने पूर्ण घालवा आणि वरचे टप्पे करा. पट्टीवरच गोंद ओतला तर तो पट्टीसकट निघतो.

तंबू, जॅकेट आणि कोरड्या पिशव्या

क्रम तोच, ताण कमी. तंबूच्या छतावर सिलिकॉन आहे की पॉलियुरेथेन ते आधी ठरवा. बऱ्याच छतांना बाहेरून सिलिकॉन आणि आतून पॉलियुरेथेन असतं, अशा वेळी ठिगळ आतून लावणं सोपं जातं. पावसाळी जॅकेटवर पाणी झटकणारा थर असतो. पट्टी त्यावर नीट धरत नाही, म्हणून जास्त पुसावं लागतं. पिसांच्या जॅकेटमधून पीस डोकावत असेल तर ते ओढू नका, त्याच्यामागून आणखी येतात. आतून चिमटीत धरून मागे ओढा आणि भोकावर पट्टी लावा. पाण्यात न्यायच्या कोरड्या पिशव्यांना मॅटचेच नियम.

फुगवायच्या होड्या आणि उभं राहून वल्हवायचे बोर्ड मात्र वेगळा विषय आहे. बोर्डमध्ये साधारण १० ते १५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब असतो, मॅटपेक्षा कितीतरी जास्त, आणि ठिगळ सुटलं तर तुम्ही पाण्यात असता. तिथे दोन भागांचा गोंद मिसळून वापरतात. पहिल्यांदा करणाऱ्याने ते काम जाणकाराकडे द्यावं.

जे दुरुस्त होत नाही

फुगवल्यावर मॅटच्या मधोमध टेंगूळ येत असेल आणि गळती कुठेच नसेल, तर आतले सांधे सुटलेत. तिथे बाहेरून गोंद पोहोचत नाही, आणि टेंगूळ दर रात्री शेजारच्या सांध्याला ओढत मोठं होतं. अशा मॅटवर वेळ घालवू नका, वॉरंटी तपासा. कडेचा जोड बोटभर सुटला असेल तर आत गोंद भरून दाबून बघता येतं, पण भरवसा धरू नका. आणि जुन्या मॅटचा आतला थर सोलून पापुद्रे निघत असतील तर एक भोक बुजवेपर्यंत दुसरं तयार असतं.

उरलेल्या ट्यूबचं: तोंड पुसा, आतली हवा दाबून काढा, झाकण घट्ट लावा आणि युरेथेनची ट्यूब हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर ठेवलेली उघडी ट्यूब ओलावा धरून आतच घट्ट होते. वापरायच्या आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण उघडा.